मुलांसाठी बिनसाखरेची रंगीत पेये: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

घरी केलेले पेय मुलाने एक घोट घेऊन बाजूला सारले की बहुतेक पालक त्यात चमचाभर मध ढवळतात, नाहीतर तो नादच सोडून देतात. चूक मात्र त्याआधीच होऊन गेलेली असते. पाला खळखळून उकळला, त्याचा कडवटपणा पाण्यात उतरला आणि तो झाकायला गोड लागले. बीटही त्याच पातेल्यात पडले, म्हणून गुलाबी रंगाचा विटकरी झाला. लिंबू सुरुवातीलाच पिळले, म्हणून हिरवे पाणी शेवाळी दिसू लागले. साहित्यात काही चूक नव्हती, क्रम उलटा झाला होता.

बरोबर क्रम असा: आधी पाण्यात सुवास उतरवायचा, मग ते पाणी गार करायचे, गार पाण्यात रंग घालायचा आणि आंबट सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. मापे अर्ध्या लिटर पाण्याची, म्हणजे लहान मुलांचे चार पेले होतील इतकी आहेत.

टप्पा १: कोणाला द्यायचे आणि किती

पातेले चुलीवर चढवण्याआधी मुलाचे वय बघा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला दुधाखेरीज काहीही नको, वनस्पतींचे पाणी तर नकोच. सहा महिने ते एक वर्ष या काळातही दूध आणि जेवणाबरोबर थोडे साधे पाणी पुरते. मी स्वतः ही पेये दोन वर्षांच्या पुढेच देते. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून एकदा १०० ते १२० मिलि, त्याहून मोठ्याला १५० ते २०० मिलि. तहान भागवायला साधे पाणीच हवे. हे पेय चवीपुरते आहे.

वनस्पती निवडताना "नैसर्गिक आहे, म्हणजे चालेलच" असे गृहीत धरू नका. पुदिना, गवती चहा आणि तुळस यांची हलकी चव बहुतेक मुलांना सोसते. पुढच्या गोष्टी मात्र टाळा किंवा फार जपून वापरा:

ज्येष्ठमध. गोड लागते म्हणून साखरेऐवजी घालायचा मोह होतो. त्यातले ग्लिसिरायझिन रक्तदाब वाढवते आणि शरीरातले पोटॅशियम कमी करते. मुलांच्या पेयात गोडीसाठी ते घालूच नका.

चक्रीफूल. त्याच्यासारखीच दिसणारी एक विषारी जात असते आणि वाळल्यावर दोन्ही नजरेने वेगळ्या ओळखता येत नाहीत. लहान मुलांच्या पेयातून ते वगळणेच बरे.

बडीशेप. तिच्यात एस्ट्रागोल नावाचे द्रव्य असते. चार वर्षांखालच्या मुलांना बडीशेपेचे पाणी देऊ नका, मोठ्यांनाही रोज नको.

ग्रीन टी. यात कॅफिन असते. पुडीवर "हर्बल" छापलेले असले तरी घटकांच्या यादीत चहापत्ती आहे का ते वाचा.

सुगंधी तेले. पुदिन्याचे असो वा लिंबाचे, पेयात एक थेंबही नाही. ती फार तीव्र असतात आणि लहान मुलांना त्यातून विषबाधा होऊ शकते.

तपासा: मुलाला कोणते औषध चालू आहे का? असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नवी वनस्पती देताना एका वेळी एकच द्या आणि तीन दिवस थांबा. एकदम चार जिन्नस घातले आणि अंगावर पुरळ उठले, तर कोणामुळे ते कधीच कळणार नाही.

आणि जुलाब-उलट्या चालू असताना यातले कोणतेही पेय ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. त्यात मीठ आणि ग्लुकोजचे ठरलेले प्रमाण नसते.

टप्पा २: भांडी, पाणी आणि पाला

भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्या. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ यांपैकी काहीही नको. फुलाफळांचे लाल-जांभळे रंग लोखंडाशी आणि ॲल्युमिनियमशी बांधले जातात आणि काळपट किंवा निळसर पडतात. तांब्या-पितळेतून आंबट पाण्यात धातू उतरतो. घट्ट बसणारे झाकण हवेच, कारण आपल्याला हवा असलेला सुवास वाफेबरोबर उडून जाणारा असतो.

पाण्याकडे फारसे कोणी बघत नाही. क्षारयुक्त, जड पाणी थोडे अल्कधर्मी असते आणि त्यात लाल रंग मळकट जांभळा दिसतो. रंग सारखा चुकत असेल तर एकदा गाळण यंत्राच्या मऊ पाण्यात करून बघा. बऱ्याचदा कोडे तिथेच सुटते.

पाला आणि फुले खाण्यासाठी वाढवलेलीच हवीत. सजावटीच्या फुलांवर कीटकनाशके मारलेली असतात, ती कितीही धुतली तरी वापरू नयेत. पाने वाहत्या पाण्याखाली एकेक करून धुवा आणि देठ काढा. पुदिन्याच्या जाड देठांतून तुरटपणा येतो.

टप्पा ३: सुवासाचे पाणी, म्हणजे फांट

काढा आणि फांट यांतला फरक आपल्या भाषेत आधीपासून आहे, पण रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच काढा म्हणतो आणि मग सगळेच उकळतो. काढा म्हणजे उकळून आटवलेले पाणी. ही रीत मुळे, साली यांसारख्या टणक भागांची. फांट म्हणजे आधण आलेले पाणी पाल्यावर ओतून, झाकून ठेवणे. पाने आणि फुले यांचा फांटच करायचा.

याचे कारण सोपे आहे. सुवासाची द्रव्ये पहिल्या दोन-चार मिनिटांतच पाण्यात उतरतात. तुरट आणि कडवट द्रव्ये सावकाश येतात. जितके उकळाल तितका सुवास हवेत जातो आणि तुरटपणा पाण्यात राहतो. मुलांच्या पेयात साखर कशाला लागते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते.

१. अर्धा लिटर पाण्याला आधण येऊ द्या. गॅस बंद करा.
२. पुदिन्याची १२ ते १५ पाने, किंवा गवती चहाच्या दोन पाती तुकडे करून, किंवा तुळशीची सहा-सात पाने टाका. मोठ्यांच्या मापाच्या हे साधारण निम्मे आहे आणि तेवढेच हवे. पाने चुरगाळू नका, नुसती हातात एकदा दाबा.
३. लगेच झाकण लावा. पुदिना आणि तुळस चार मिनिटे, गवती चहा सात-आठ मिनिटे.
४. घड्याळ लावून ठेवा आणि वेळ झाली की लगेच गाळा. पाने पाण्यातच ठेवून "नंतर गाळू" म्हटले की फांटाचा काढा झालाच.

वाळलेला पाला वापरत असाल तर अर्ध्या लिटरला एक सपाट चमचा पुरतो. तो गार पाण्यात रात्रभर भिजवणे किंवा बरणीत घालून उन्हात ठेवणे मात्र करू नका. वाळलेल्या पाल्यावर जंतू असू शकतात आणि कोमट पाण्यात ते वाढतात. आधणाचे पाणीच ओता.

तपासा: गाळलेला फांट कोमट असताना एक चमचा स्वतः चाखा. घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडू रेंगाळले किंवा तोंड कोरडे पडले, तर मुरवण्याचा वेळ जास्त झाला. त्यात गोड घालू नका. तितकेच साधे पाणी घालून पातळ करा आणि पुढच्या वेळी एक मिनिट कमी ठेवा.

टप्पा ४: गार करणे

घाई करण्यात सर्वात जास्त नुकसान याच टप्प्यावर होते. गाळलेले पाणी रुंद भांड्यात ओता, ते भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि वर झाकण तिरपे ठेवा. वीसेक मिनिटांत ते हाताला गार लागू लागते. ओट्यावर तसेच तासन्‌तास ठेवू नका. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान जंतू वेगाने वाढतात, म्हणून हा पट्टा लवकर ओलांडायला हवा.

टप्पा ५: रंग

इथे एकच नियम सगळ्या रंगांना लागू होत नाही. रंग कोणत्या द्रव्याचा आहे त्यावर त्याची रीत ठरते. कोणाला उष्णता सोसत नाही, कोणाला आंबट सोसत नाही, तर कोणी पाण्यात विरघळतच नाही.

गुलाबी: बीट. बीटचा रंग बेटालेन गटातला. उकळला की तो तपकिरीकडे झुकतो, उजेडातही फिका होतो. म्हणून बीट कच्चे किसून, पिळून, फक्त गार फांटात घाला. पेल्याला अर्धा ते एक चमचा रस पुष्कळ झाला. साल जाडसर काढा, मातीचा वास जास्त करून सालीलगतच असतो. लिंबाने हा रंग बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी मुलाची लघवी किंवा शी लालसर दिसली तर घाबरू नका, काहींना बीटमुळे तसे होते. पण बीट दिलेले नसताना असे दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

लाल: अंबाडीची वाळलेली लाल बोंडे. बाजारात जास्वंदीचा चहा म्हणून जे लालभडक मिळते ते बहुधा हेच असते, बागेतल्या जास्वंदीच्या पाकळ्या नव्हेत. चार-पाच बोंडे वाटीभर आधणाच्या पाण्यात पाच मिनिटे, झाकून. मग गाळून हा अर्क वेगळा गार करा आणि फांटात थोडाथोडा मिसळा. अंबाडी मुळातच आंबट असल्याने लाल रंग आपोआप टिकतो. तिच्यात वर लिंबू पिळणे ही चूक फार जण करतात. मग पेय इतके आंबट होते की साखरेशिवाय पिताच येत नाही.

निळा: गोकर्ण. फक्त पाकळ्या घ्यायच्या. हिरवा देठ आणि मधला भाग काढून टाका, बिया तर चुकूनही नकोत, त्या रेचक असतात. पाच फुलांच्या पाकळ्या वाटीभर गरम पाण्यात पाच मिनिटे. या निळ्या पाण्यात लिंबाचे थेंब पडले की जांभळा आणि मग गुलाबीसर रंग येतो, कारण हे अँथोसायनिन गटातले रंग आम्लतेनुसार बदलतात. हा बदल मुलांना स्वतःच्या पेल्यात, स्वतःच्या हाताने करू द्या. नाखूश मूलसुद्धा स्वतः जांभळे केलेले पाणी चाखून बघते. गोकर्ण मी अधूनमधूनच देते, रोज नाही.

पिवळा: केशर. पिवळ्यासाठी लोक थेट हळदीकडे वळतात आणि मग पेल्याच्या तळाशी साका बसतो. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. केशरातला क्रोसिन मात्र पाण्यात सहज उतरतो. तीन-चार काड्या चमचाभर कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवा आणि काड्यांसकट फांटात घाला. हळद वापरायचीच असेल तर चिमटीच्या टोकावर मावेल इतकीच, आणि खात्रीच्या ठिकाणची. रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार झालेले आहेत, आणि त्यातले शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते.

केशरी: गाजर. गाजर उकळून ते पाणी गाळले तर रंग चोथ्यातच राहतो, कारण कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. वाफवलेल्या गाजराचे दोन चमचे मऊ तुकडे फांटाबरोबर मिक्सरमधून फिरवा आणि मोठ्या भोकांच्या गाळणीने गाळा. बारीक कापडाने गाळू नका. पेय देताना ढवळून द्यायचे, तळाशी बसणे हा त्याचा स्वभावच आहे.

हिरवा: सगळ्यात अवघड. पुदिन्याची पाने हिरवी असली तरी फांट फिकट पिवळसरच येतो, आणि तेच बरोबर आहे. हिरवा हवा असेल तर पालकाची पाच-सहा पाने आधणाच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, निथळून थोड्या गार फांटाबरोबर वाटा आणि गाळा. क्लोरोफिलला उष्णता आणि आम्ल एकत्र मिळाले की ते मळकट शेवाळी होते. म्हणून लिंबू पेल्यात, ओठांना लावायच्या आधी. पालकात नायट्रेट भरपूर असते आणि वाटून ठेवलेल्या पालकात जंतूंमुळे त्याचे अपायकारक नायट्राइट होऊ शकते, त्यामुळे हे पेय केल्या केल्या संपवायचे.

सावध: रंग खुलवायला खाण्याचा सोडा घालू नका. हिरवा थोडा उजळतो हे खरे, पण लाल-निळे रंग त्याने हिरवट पडतात, चव साबणासारखी होते आणि मुलाच्या पोटात विनाकारण सोडियम जाते. तयार "नैसर्गिक रंग" पावडरीवर माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलेले असेल तर ती बाजूला ठेवा. ते पिष्टापासून बनते आणि शरीरात झटपट ग्लुकोज होते.

तपासा: रंग घालताना पेला पांढऱ्या कागदासमोर धरा. फिकट, आरपार दिसणारा रंग पुरे. गडद रंगापर्यंत गेलात तर बीटची माती आणि पालकाचा उग्रपणा चवीत येतोच.

टप्पा ६: गोडीचे काय

"साखर नाही, मध घातलाय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की या टप्प्यावर थांबायलाच हवे. जागतिक आरोग्य संघटना ज्यांना मुक्त शर्करा म्हणते त्यांत मध, निरनिराळी सिरप आणि फळांचा रसही येतो. २०१५ च्या तिच्या शिफारशीनुसार दिवसभराच्या ऊर्जेपैकी मुक्त शर्करेचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगले. गूळ घातला, खजुराचे सिरप घातले किंवा सफरचंदाचा गाळलेला रस घातला, तरी दातांना आणि शरीराला ती साखरच. त्यात एक वर्षाखालच्या बाळाला मध दिला तर बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो, एक बोटसुद्धा चाटवू नये. स्टीव्हियासारखे पर्याय मी वापरत नाही. त्यात साखर नाही हे खरे, पण मुलाची जीभ त्याच कडक गोडीवर अडून राहते, आणि मला तर तीच सवय मोडायची असते.

मग करायचे काय?

आधी कडवटपणा येऊ न देणे, ते टप्पा तीनमध्ये झाले. मग वासाचा आधार घ्यायचा. वेलदोड्याचे दोन दाणे किंवा व्हॅनिलाच्या शेंगेचा छोटा तुकडा फांटात मुरवला की पेय गोड वाटते, कारण हे वास आपण गोड पदार्थांबरोबर ओळखायला शिकलेलो असतो. दालचिनीही चालते, पण क्वचित आणि नखाएवढा तुकडा. जाड सालीच्या जातीत कुमारिन असते आणि ते जास्त झाले तर यकृताला चांगले नाही.

तिसरी गोष्ट तापमान. बर्फगार पेयात जिभेला गोडी कमी जाणवते. फ्रिजमधून काढून दहा मिनिटे बाहेर ठेवलेले पेय त्याच घटकांत जास्त गोड लागते. लहानग्यांच्या पेल्यात बर्फाचे खडे तसेही नकोत, घशात अडकू शकतात.

एवढे करूनही मूल पीत नसेल तर पिकलेल्या नाशपातीचा किंवा केळ्याचा एक मोठा चमचा गर, चोथ्यासकट, पेल्यात फेटा. आधीपासून गोड पेयांची सवय असलेल्या मुलाला एका दिवसात बिनसाखरेवर आणू नका. रोजच्या गोड पेयात पाव भाग फांट मिसळा, चार-पाच दिवसांनी अर्धा, मग पाऊण. नवी चव रुचायला आठ-दहा वेळा चाखावी लागते. पहिल्या नकारावर पाककृती बदलू नका आणि बळजबरीही करू नका.

टप्पा ७: आंबट आणि शेवटची मिसळण

लिंबू पेल्याला चार-पाच थेंब, चमचाभर नव्हे. आंबट वाढले की गोडीची मागणी वाढते. क्रम: पेल्यात गार फांट, मग रंग, मग गर असेल तर तो, शेवटी थेंब. पहिल्यांदा करताना पेल्यात एकच रंग ठेवा. गुलाबी आणि हिरवा एकत्र केला की तपकिरी येतो, आणि तपकिरी पाणी कोणतेही मूल हौसेने उचलत नाही.

टप्पा ८: साठवण

फांट गाळून, झाकून, फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवला तर चोवीस तास. त्यानंतर मी टाकून देते. तयार, मिसळलेले पेय साठवायचे नाही. बाहेर राहिलेले पेय दोन तासांनंतर देऊ नका, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर टाका.

सोय हवी असेल तर रंग गोठवा. बीटचा रस, अंबाडीचा आणि गोकर्णाचा अर्क बर्फाच्या लहान ट्रेमध्ये ओता, घट्ट झाले की झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यावर तारीख घाला. महिनाभर वापरता येतात. खडा पेल्यात टाकून पूर्ण विरघळल्यावरच मुलाच्या हाती द्या. पालकाचे हे करू नका.

टप्पा ९: प्यायला देताना

साखर नाही म्हणून दातांना निर्धास्त, असे नाही. अंबाडी आणि लिंबू दोन्ही आम्लधर्मी आहेत, आणि आम्लाने दातांवरचा कठीण थर झिजतो. त्यामुळे बाटलीत भरून दिवसभर घोट घोट घ्यायला देऊ नका. एका बैठकीत संपवा, वर दोन घोट साधे पाणी द्या. लगेच दात घासू नयेत, अर्धा तास जाऊ द्या. झोपताना हे पेय नकोच. शाळेच्या बाटलीत पाणीच जाऊ द्या.

जेवणाबरोबरही टाळा. पाल्यातली तुरट द्रव्ये अन्नातले लोह नीट शोषू देत नाहीत. जेवण आणि पेय यांत तासाभराचे अंतर ठेवा, दुपारची चार-साडेचारची वेळ सोयीची पडते. पेल्यात उरलेले उष्टे पेय परत बरणीत ओतू नका. लाळेतले जंतू त्यात गेलेले असतात आणि सगळी बरणी खराब होऊ शकते.